हरणाऱ्यावरही कॅमेरा राहू द्या : रेसलिंगच्या बुकर मंडळींना खुले पत्र

प्रति,
पॉल लेवेक (डब्ल्यूडब्ल्यूई), टोनी खान (एईडब्ल्यू), गेडो (न्यू जपान) आणि बंद खोलीत बसून कोण जिंकणार, कोण पडणार हे ठरवणारे सर्व बुकर व लेखक

विषय : एप्रिल २०२४ मधले पराभव

स.न.वि.वि.

रेसलिंगचे निकाल आधीच ठरलेले असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. ते पुन्हा पुन्हा ऐकवणारा एखादा शहाणा प्रत्येक चाहत्याच्या ओळखीत असतोच, आणि त्याला उत्तर देणं आम्ही कधीच सोडून दिलंय. निकाल ठरलेला असतो म्हणूनच तर हे पत्र रेसलर्सना न लिहिता तुम्हाला लिहितोय. आखाड्यात पैलवान चीत झाला तर दोष त्याच्या डावाला द्यायचा. तुमच्या रिंगमध्ये माणूस चीत होतो तो तुमच्या वहीतल्या एका ओळीमुळे. कोणाची पाठ टेकवायची, कशी टेकवायची आणि पुढच्या सोमवारच्या शोमध्ये त्या माणसाचं काय करायचं, हे सगळं तुमच्या हातात.

एप्रिल २०२४ हा महिना मी नुकताच पुन्हा सलग बघून काढला. हायलाइट्सच्या क्लिपा नाहीत, अख्ख्या मॅचेस. त्या वेळी सगळ्यांसारखाच मीही बेल्ट, म्हणजे हात बदललेली विजेतेपदं, मोजत होतो, आणि मोजण्यासारखे होतेही. ६ एप्रिलला डब्ल्यूडब्ल्यूईचा इंटरकॉन्टिनेंटल, ७ तारखेला रोमन रेन्सचं टायटल, त्याच रात्री वर्ल्ड हेवीवेटचा बेल्ट दोनदा, १२ ला न्यू जपानचा आयडब्ल्यूजीपी, २१ ला एईडब्ल्यूचा, २३ ला एनएक्सटीचा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या नवोदितांच्या शोचा. तीन आठवड्यांच्या आत रेसलिंगचा जवळजवळ सगळा नकाशा बदलला. पण आता बघताना नजर भलतीकडेच जात होती. बेल्ट उंच धरून कोपऱ्यात चढलेल्या माणसापेक्षा खाली मॅटवर पडलेल्याकडे. तो महिना गाजला तो हरणाऱ्यांमुळे, आणि जिथे फसला तिथेही तुम्ही पराभव नीट लिहिला नव्हता म्हणूनच फसला. माझं म्हणणं एवढंच आहे. पण तुम्हाला ते सहज पटणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

सुरुवात गुंथरपासून. जून २०२२ मध्ये त्याने रिकोशेकडून इंटरकॉन्टिनेंटल टायटल घेतलं आणि ६६६ दिवस कोणाला हात लावू दिला नाही. होंकी टॉंक मॅनचा ४५४ दिवसांचा विक्रम वर्षानुवर्षं कोणी मोडला नव्हता, तो त्याने सप्टेंबर २०२३ मध्येच मागे टाकला होता. या काळात तुम्ही काय केलंत? त्याला फालतू हार दिली नाहीत. छातीवर पडणारी ती चॉप, तो आवाज, समोरच्याची लालबुंद झालेली कातडी, हेच महिनोन्‌महिने दाखवलंत. त्यामुळे फिलाडेल्फियात, डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, रेसलमेनियात, सॅमी झेन समोर उभा राहिला तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांना वाटत होतं, याला आज आस्मान दिसणार. सॅमी म्हणजे हरण्यात मुरलेला माणूस. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतःच्या मॉन्ट्रियलमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, तो रोमनकडून हरला होता. त्या रात्रीचं त्याचं तोंड आठवत होतं म्हणूनच हेलुवा किक या त्याच्या हुकमी लाथेनंतरची तीनची मोजणी पूर्ण होताच स्टेडियम असं उसळलं. सॅमीचा विजय दोन पराभवांवर उभा होता. एक त्याचा स्वतःचा, जुना. दुसरा गुंथरचा, जो तुम्ही ६६६ दिवस राखून ठेवला होता.

आणि हरल्यावर गुंथरचं काय झालं? काहीही बिघडलं नाही. मे महिन्यात तो किंग ऑफ द रिंग झाला, ऑगस्टच्या समरस्लॅममध्ये डेमियन प्रीस्टला हरवून वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन. पडलेला माणूस पडल्यामुळे मोठा होतो, हे तुम्हाला येतं. मग प्रत्येक वेळी का करत नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता रोमन. इथे मी थांबणार आहे, कारण ७ एप्रिलच्या रात्रीबद्दल बोलताना सगळे मध्येच धावून आलेल्या सीना आणि अंडरटेकर या जुन्या दिग्गजांबद्दलच बोलतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात.

हिशेब सगळ्यांना पाठ आहे. रोमन ऑगस्ट २०२० पासून १,३१६ दिवस चॅम्पियन. त्याला आव्हान देणारा कोडी ऱ्होड्स २०१६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई सोडून गेला, बाहेर जाऊन एईडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी उभी करणाऱ्यांपैकी एक झाला, २०२२ मध्ये परतला, २०२३ च्या रेसलमेनियात रोमनच्या ‘ब्लडलाइन’ टोळीतल्या सोलो सिकोआने मध्येच हाणलेल्या अंगठ्याच्या तडाख्यामुळे हरला. २०२४ मध्ये ७ एप्रिलच्या मेन इव्हेंटला तो आला तेव्हा आदल्या रात्रीची टॅग (जोडीची) मॅच हरून आला होता आणि त्यामुळे ब्लडलाइन रूल्स लागू होते, म्हणजे नियमच नव्हते. मग जिमी उसो आला, त्याचा भाऊ जे उसो आला, सोलो आला, सीना आला, रॉक आला, अंडरटेकरची घंटा वाजली. स्पष्ट सांगायचं तर गर्दी झाली. रिंगमध्ये कोण आहे आणि टेबलाखाली कोण आहे हे समजायला बोटं मोजावी लागत होती. सीना आणि टेकर आले तेव्हा मीही ओरडलो, नाही म्हणत नाही. पण ते ओरडणं जुन्या आठवणींसाठी होतं, त्या मॅचसाठी नव्हतं.

त्या मॅचचा खरा क्षण गर्दीच्या मध्येच आहे आणि दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये तो बहुतेक निसटतो. सेथ रोलिन्स शील्डच्या, म्हणजे त्याच्या आणि रोमनच्या जुन्या त्रिकुटाच्या, काळ्या पोशाखात आलेला, मार खाऊन वाकलेला. रोमनच्या हातात स्टीलची खुर्ची. एका बाजूला कोडी, ज्याला मारलं की टायटल वाचतं. दुसऱ्या बाजूला सेथ, ज्याने जून २०१४ मध्ये असाच खुर्चीचा तडाखा हाणून शील्ड फोडली होती. रोमन कोडीकडे बघतो, सेथकडे बघतो. आणि दहा वर्षं गिळलेला राग त्याच्या डोळ्यांत दिसायला लागतो. खुर्ची सेथच्या पाठीत बसते. तेवढ्या वेळात कोडी सावरतो, आणि मग एकामागून एक तीन क्रॉस ऱ्होड्स, हा कोडीचा हुकमी डाव. रोमन कोडीमुळे हरलाच नाही. तो स्वतःच्या खुनशीपणामुळे हरला. साडेतीन वर्षं सगळ्यांना वेळेवर माफ करायचं किंवा वेळेवर ठेचायचं, या हिशेबावर राज्य केलेल्या माणसाचा हिशेब एका सेकंदासाठी चुकला. असा पराभव लिहायला हिंमत लागते, कारण तो बाहेरच्या मदतीने झाकता येत नाही. गंमत म्हणजे तुम्ही तो तेवढ्याच गर्दीत दडवलात.

पुढचा परिणाम बघा. रोमन चार महिने दिसलाच नाही आणि समरस्लॅमला परतला तेव्हा ज्यांनी वर्षानुवर्षं त्याला शिव्या घातल्या होत्या तेच लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हरल्याशिवाय हे झालं नसतं.

बाकी एक मान्य करायलाच हवं. फेब्रुवारीत तुम्ही रॉकला कोडीच्या जागी उभं करत होता, आणि चाहत्यांनी एवढा गोंधळ घातला की तुम्हाला पाऊल मागे घ्यावं लागलं. तो तुमचा पराभव होता. पण तुम्ही तो लपवला नाहीत. रॉकला सरळ खलनायक केलंत, ‘फायनल बॉस’ म्हणून मिरवू दिलंत आणि आमच्या रागालाच कथेत घेतलंत. स्वतःचं हरणं इतकं चांगलं लिहू शकता, म्हणजे कारागिरी आहे तुमच्याकडे.

रेसलमेनियाच्या त्याच दुसऱ्या रात्री सुरुवातीला ड्रू मॅकिन्टायरचं जे केलंत ते तर छोट्या मापातलं रत्न होतं. सेथला हरवून ड्रू वर्ल्ड चॅम्पियन झाला. बेल्ट घेऊन गपचूप घरी जायचं की नाही? नाही. दुखऱ्या दंडाला पट्टा बांधून समालोचनाच्या टेबलाशी बसलेल्या सीएम पंकला डिवचायला गेला. पंकने त्याच पट्ट्याने त्याला बडवलं आणि मनी इन द बँकची ब्रीफकेस (हवी तेव्हा टायटल मॅच मागायचा हक्क) घेऊन डेमियन प्रीस्ट धावत आला. ड्रूचं राज्य सहा मिनिटंही टिकलं नाही. पुन्हा तेच, माणूस आपल्याच खोडीने पडतो. या एका पडण्यावर तुम्ही ऑक्टोबरच्या हेल इन अ सेल या पिंजऱ्यातल्या मॅचपर्यंत अख्खी वैराची गोष्ट चालवलीत. उन्हाळाभर मी सोमवारची वाट बघायचो ती ड्रूसाठी, चॅम्पियनसाठी नव्हे.

आता जिथे हे जमलं नाही तिथे येतो.

रिया रिप्लीने रेसलमेनियात बेकी लिंचला हरवून टायटल राखलं, आणि १५ एप्रिलच्या रॉ या सोमवारच्या शोवर दुखापतीमुळे तिला ते सोडावं लागलं. ३८० दिवसांची कारकीर्द, आणि शेवट रिंगच्या मध्यभागी बेल्ट ठेवून. दुखापत कोणाच्या हातात नसते, त्यामुळे इथे तुम्हाला बोल लावायचा नाही. पण पुढच्या सोमवारी बॅटल रॉयल घेऊन बेकीला चॅम्पियन केलंत, तेव्हा आमच्यातल्या कितीजणांच्या अंगावर काटा आला? मला तरी नाही आला. बेकीच्या कर्तबगारीत काही उणं नाही. त्या बेल्टसाठी कोणी हरलंच नव्हतं. शेवटची बाई दोरांवरून बाहेर पडते आणि घंटा वाजते, एवढंच. बेल्टचं वजन ज्याच्याकडून घेतला त्याच्या नावाने ठरतं, हे त्या एका आठवड्यात जितकं स्पष्ट दिसलं तितकं दहा भाषणांतून दिसलं नसतं.

टोनी खान, आता तुमच्याकडे. १० एप्रिलच्या डायनामाइट या तुमच्या साप्ताहिक शोवर तुम्ही २०२३ च्या वेम्ब्लीतल्या शोच्या बॅकस्टेजचं ते फुटेज दाखवलंत. पंक आणि जॅक पेरी यांची झटापट, आवाज नसलेली, कॅमेरा छताजवळचा. दाखवलंत तेव्हा पंक दुसऱ्या कंपनीत. म्हणजे या भांडणाचा निकाल तुमच्या रिंगमध्ये कधीच लागणार नव्हता. कोणी जिंकणार नाही, कोणी हरणार नाही, मग ते आम्हाला दाखवलंत कशासाठी? यंग बक्स आणि एफटीआर या दोन जोड्यांच्या लॅडर (शिडीच्या) मॅचसाठी, असं तुमचं उत्तर असेल. त्या मॅचला असल्या आधाराची गरज नव्हती. चौघेही इतके तयारीचे आहेत की नुसती शिडी उभी केली तरी लोक बघतील.

आणि हे सगळं तुम्ही अशा महिन्यात केलंत ज्यात तुमच्याकडे डायनेस्टी हा मोठा शो होता! २१ एप्रिल, सेंट लुइस. ब्रायन डॅनियलसन विरुद्ध विल ऑस्प्री. डॅनियलसनने आधीच सांगून ठेवलं होतं की पूर्णवेळ कुस्तीचे आपले थोडेच दिवस उरलेत. अशा माणसाला बहुतेक बुकर जिंकवत जिंकवत घरी पाठवतात, सत्काराच्या शालीसारखं. तुम्ही त्याला रिंगच्या मधोमध, तीनच्या मोजणीवर, नुकत्याच दाखल झालेल्या पोराकडून हरवलंत. अर्धा तास दोघांनी एकमेकांना असं पिळलं की कोणाला टाळी द्यायची तेच कळेना. शेवटी टायगर ड्रायव्हर ९१ आणि मग कोपराची ती हिडन ब्लेड. डॅनियलसन पडून राहिला आणि त्या एका रात्रीत ऑस्प्री ‘हवेत उड्या मारणारा’ होता तो ‘डॅनियलसनला पाडणारा’ झाला. डॅनियलसनचं काय कमी झालं? ऑगस्टमध्ये वेम्ब्लीत त्याने कारकीर्द पणाला लावून स्वर्व्ह स्ट्रिकलंडकडून टायटल घेतलं, तेव्हा सेंट लुइसची हार आठवत होती म्हणूनच जीव टांगणीला लागला होता. हा माणूस खरंच हरू शकतो, हे तुम्ही आधी पटवलं होतं.

जाता जाता एक तक्रार, विषय सोडून आहे पण लिहितोच. टायगर ड्रायव्हर ९१ हा मित्सुहारू मिसावाचा डाव. मानेवर पडायचा. मिसावा २००९ मध्ये हिरोशिमात मॅच चालू असतानाच कोसळला आणि गेला. वर्षानुवर्षं मानेवर घेतलेल्या आपटण्यांचा हिशेब त्या रात्री चुकता झाला, असं माझ्यासारख्या अनेकांना वाटतं. हा डाव वर्षातून एखाद्याच रात्री दिसला तरी आम्ही तक्रार करणार नाही. निकाल लिहिलेला असतो, मान लिहिलेली नसते.

त्याच रात्री सामोआ जो हरला आणि स्वर्व्ह एईडब्ल्यूचा पहिला कृष्णवर्णीय वर्ल्ड चॅम्पियन झाला. २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीने ज्याला काढून टाकलं होतं तो माणूस. जोकडे बेल्ट जेमतेम चार महिने होता, पण त्या चार महिन्यांत तो असा चालायचा, इतका कमी बोलायचा, की त्याच्यासमोर जाणारा प्रत्येकजण आधीच घाबरलेला वाटे. पंचेचाळिशीच्या जोने स्वतःचं सगळं वजन स्वर्व्हच्या खांद्यावर ठेवलं आणि निघून गेला. हायलाइट्समध्ये तुम्हाला स्वर्व्हचं नाचणं दिसेल. जो कुठे गेला ते शोधून बघा, सापडणार नाही.

गेडोसान, तुमच्याशी माझं भांडण आहे आणि ते तुमच्या तेत्सुया नाइतोवरून आहे. २०२० च्या टोकियो डोममध्ये दोन्ही बेल्ट जिंकून नाइतो आपल्या माणसांची नावं पुकारायला माइक घेतो, आणि केंटा येऊन त्याला आडवा करतो. ती नावं डोममध्ये पुकारायला त्याला ४ जानेवारी २०२४ पर्यंत थांबावं लागलं. चार वर्षं! गुडघे झिजलेले, डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या, तरी लोक थांबले. आणि १२ एप्रिलला, शंभर दिवसही झालेले नसताना, शिकागोत जॉन मॉक्सलीने त्याला पाडून बेल्ट नेला. मॉक्सलीला माझा विरोध नाही. न्यू जपानचा मुख्य बेल्ट त्याच्या खांद्यावर शोभतो. पण मग जून संपता संपता तोच बेल्ट पुन्हा नाइतोकडे. म्हणजे शिकागोतला पराभव तीन महिन्यांच्या आत खोडरबरने पुसून टाकलात. मॉक्सलीने जिंकलं त्याला अर्थ राहिला नाही, नाइतो हरला त्यालाही नाही. चार वर्षांच्या प्रतीक्षेचं जे झालं ते झालंच. हार उसनी घ्यायची आणि लगेच परत करायची, हा व्यवहार रेसलिंगमध्ये कधी फायद्याचा झाल्याचं मी पाहिलं नाही.

याउलट एनएक्सटीतलं ते पोरगं, कार्मेलो हेज. ६ एप्रिलला जुन्या दोस्ताकडून, ट्रिक विल्यम्सकडून हरला. ट्रिकने २३ तारखेला इल्या द्रागुनोवला हरवून टायटल घेतलं. कार्मेलो २६ तारखेला स्मॅकडाउन या मुख्य शोवर निवडला गेला आणि पहिल्याच रात्री थेट कोडीसमोर उभा राहिला. हरला अर्थातच. पण चॅम्पियनला घाम फोडून हरला. एका महिन्यात दोन पराभव आणि भाव वाढलेला.

हे काही नवीन शोध नाहीत. १९९७ च्या रेसलमेनियात स्टीव ऑस्टिन ब्रेट हार्टच्या शार्पशूटरमध्ये रक्तबंबाळ तोंडाने बेशुद्ध झाला, पण त्याने हार मानली नाही. त्या रात्री तो हरला आणि तिथून कंपनीचा सगळ्यात मोठा माणूस झाला. तुमच्यापैकी कोणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी ही मॅच सांगाल. आणि त्याच धंद्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये कोफी किंग्स्टनला ब्रॉक लेस्नरकडून दहा सेकंदांच्या आत हरवलं गेलं. सहा महिने चॅम्पियन असलेला माणूस, ज्याच्या विजयावर लोक रडले होते, एका डावात गायब. रागापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याबद्दल कोणी नीट बोललंही नाही.

कोडीचंही शेवटी तेच केलंत. २० एप्रिल २०२५, लास व्हेगास. कोडीला हरवून सीनाचा सतरावा किताब, म्हणजे इतिहासच. आणि कोडीला पाडायला मध्ये कोण? ट्रॅव्हिस स्कॉट. रोमनला पाडताना तुम्ही दहा वर्षांपूर्वीची खुर्ची शोधून काढली होती. कोडीला पाडताना एक गायक बोलावलात. ज्याचा विजय आम्ही दोन वर्षं मागून घेतला, त्याच्या पराभवाला त्याची स्वतःची एखादी चूक, एखादा मोह, काहीतरी द्यायचं होतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. बेल्ट काढून घेण्याआधी, जिंकणाऱ्याच्या एंट्रीचे फटाके ठरवण्याआधी, हरणारा नेमका कशामुळे हरतो हे एका वाक्यात लिहा. ‘कोणीतरी मध्ये आलं म्हणून’ असं ते वाक्य निघालं तर कागद फाडा. त्याचे पुढचे चार आठवडे त्याच बैठकीत ठरवा. आणि तीनची मोजणी झाल्यावर निर्मात्यांना सांगा, जिंकणाऱ्यावर कॅमेरा न्यायची घाई करू नका. अर्धा मिनिट मॅटवरच्या माणसावर राहू द्या. हायलाइट्समध्येही ते अर्धं मिनिट कापू नका. कापायचंच असेल तर फटाके कापा, आम्ही पाहिलेत.

कळावे,

मोजणीच्या वेळी अजूनही श्वास रोखणारा,
एक चाहता

ता. क. : आर-ट्रूथबद्दल काहीही तक्रार नाही. आपण जजमेंट डे या टोळीचे सदस्य आहोत अशी समजूत करून घेऊन हा माणूस कित्येक आठवडे हिंडत होता, आणि ६ एप्रिलच्या लॅडर मॅचमध्ये त्याने मिझबरोबर रॉचे टॅग बेल्ट काढून घेतले ते त्याच जजमेंट डेकडून. हरलेल्या जोडीतल्या प्रीस्टने दुसऱ्याच रात्री ड्रूचा बेल्ट नेला, त्यामुळे त्याचंही नुकसान झालं नाही. हे ज्याने लिहिलं त्याला पगारवाढ द्या.